वाटाड्यानं बाजूला व्हावं

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्यानंतरच्या काळात त्यांनी तिथल्या मठातल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रं आणि सिस्टरांची उत्तरं छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. सिस्टरांनीच जपून ठेवलेला तो ठेवा अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ साली प्रसिद्ध केला. ख्रिस्ती आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणजे काय आणि ते नेमकं कुठे बिघडतं हे समजून घ्यायचं असेल, तर मराठी वाचकानं ही पत्रं आधी वाचावीत आणि लोयोलाच्या इग्नेशियसकडे नंतर जावं, असं माझं मत आहे.

सिस्टर जेराल्डिन कोणी दुष्ट बाई नव्हत्या. रमाबाईंची चिमुकली मनोरमा त्यांच्या मायेत वाढली. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत, पत्रातही तसंच लिहीत. पण माया वेगळी आणि ऐकून घेणं वेगळं. रमाबाईंना शंका होत्या, आणि त्या बारीकसारीक नव्हत्या: त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा कुमारीपोटी जन्म, चमत्कार, अथनेशियसचा मतांगीकार. शिवाय क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्येच का, संस्कृतनं काय घोडं मारलंय, असाही त्यांचा सवाल होता. सिस्टरांना या सगळ्यात गर्व दिसला, हट्ट दिसला. नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्या बाईनं चर्चची शिकवण मुकाट्यानं घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी १८८५ साली स्पष्टच लिहिलं, की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवून आपण आलो आहोत, आता तसलंच दुसरं जू घेणार नाही. त्याच सुमारास चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डॉरोथिया बील सिस्टरांना समजावत होत्या, की या बाईला तिच्या गतीनं विचार करू द्या. बीलबाईंनी रमाबाईंच्या शंकांना उत्तरंही दिली, पण शंका येणं हेच पाप आहे असं कधी म्हटलं नाही. आध्यात्मिक मार्गदर्शक ही पदवी त्यांच्याकडे नव्हती. काम मात्र त्या दोघींपैकी त्यांनीच जास्त केलं.

या पत्रांनंतर बऱ्याच वर्षांनी, १९०७ साली, रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली. बाप्तिस्मा घेताना आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी त्यात प्रांजळपणे नोंदवलं आहे. तो सापडायला पुढे आठेक वर्षं लागली. सिस्टरांच्या चिंतेत तथ्य होतं, असं कोणी यावरून म्हणेल. मला त्यातून उलटंच दिसतं. उणीव होती ती नात्यात, आणि सगळा पत्रव्यवहार चालला होता सिद्धान्तांवर. ‘तू प्रार्थना करतेस तेव्हा काय होतं?’ असं रमाबाईंना कोणी थेट विचारल्याचं या पत्रांतून जाणवत नाही.

हे पुस्तक त्या प्रश्नाविषयी आहे.

एक माणूस आपलं प्रार्थनेचं आयुष्य दुसऱ्या माणसासमोर उलगडतो, दुसरा ते लक्ष देऊन ऐकतो, आणि पहिल्याला देव कुठे भेटतो आहे, कुठे तो देवाला टाळतो आहे, हे त्याचं त्याला दिसावं एवढ्यापुरती मदत करतो. आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणतात ते इतकंच. पापनिवेदनाशी त्याची गल्लत होते. कॅथलिक घरांत तर हटकून. पण पापांची क्षमा हा संस्कार आहे, तो धर्मगुरूच देऊ शकतो, आणि तिथे विषय पापाचा असतो. मार्गदर्शनाला दीक्षित धर्मगुरूच लागतो असं नाही. सिस्टर चालते, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई चालतात, संसारी गृहस्थ चालतो. समुपदेशनाशीही त्याचं साम्य वरवरचं आहे. समुपदेशकाकडे माणूस अडचण घेऊन जातो आणि ती सुटली की जाणं थांबतं. इथे अडचण नसली तरी जायचं असतं.

प्रत्यक्षात काय घडतं ते सांगतो. रिट्रीट हाउसमधली लहानशी खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर क्रूस, दार बंद पण दाराला काच. महिन्यातून एकदा, पाऊण तास ते तासभर. सुरुवातीला दोघंही गप्प बसतात; कधी मिनिटभर, कधी पाच मिनिटं. समजा, वसईहून रोज चर्चगेटची लोकल पकडणारी, बँकेत नोकरी करणारी एक बाई आली आहे.

“सिस्टर, हल्ली प्रार्थनेत मनच लागत नाही. रोझरी म्हणते, पण नुसती तोंडानं.”

“कधीपासून?”

“सासूबाई गेल्या ना, तेव्हापासून.”

“तेव्हा देवाला काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? देवाची इच्छा.”

“ते म्हणालीस. म्हणावंसं काय वाटलं होतं?”

यावर बराच वेळ उत्तर येत नाही, आणि चांगला मार्गदर्शक तो वेळ भरून काढायला जात नाही. मग ती बाई हळूच सांगते, की राग आला होता, आठ महिने अंथरुणावरच्या बाईचं केलं, आणि देवानं एकदाही ऐकलं नाही. “हे त्याला सांगितलंस?” एवढंच सिस्टर विचारते. जाताना ती तिला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून देते. स्तोत्रसंहितेतली बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपतं. शास्त्रातच असलं स्तोत्र आहे, म्हणजे देवाशी असं बोलायला मनाई नाही, एवढं त्या बाईला कळलं तरी महिना सार्थकी लागला.

इथे उपदेश किती सोपा होता! धीर धर, रोझरी सोडू नकोस, सासूबाईंच्या नावानं मिस्सा सांग. यातलं काहीच चूक नाही. पण त्या बाईनं देवाशी बोलणंच बंद केलं होतं, आणि उपदेशानं ते झाकलं गेलं असतं.

या पद्धतीचा उगम इजिप्तच्या वाळवंटात, चौथ्या शतकात आहे. गावं सोडून तिथे राहायला गेलेल्या संन्याशांकडे तरुण माणसं येत आणि आपल्या मनात दिवसभर कोणते विचार येतात ते त्यांच्यापुढे मांडत. त्यांना ‘अब्बा’ म्हणत, म्हणजे बाप. स्त्रिया असतील तर ‘अम्मा’. त्या परंपरेचा पुढचा प्रवास लांबचा आहे. जॉन कॅसियननं तो ज्ञानसाठा पश्चिमेकडे नेला, रशियन मठांत त्यातून ‘स्तारेत्स’, म्हणजे वडीलधारे मार्गदर्शक, निघाले. दोस्तोयेव्हस्की १८७८ साली ऑप्तिनाच्या मठात अशाच एका स्तारेत्सला, अंब्रोसीला, भेटून आला आणि ‘करामाझोव्ह बंधू’मधला झोसिमा आपल्याला मिळाला. हा इतिहास मी मुद्दाम भराभर उरकतो आहे, कारण आजच्या पद्धतीवर ज्याचा ठसा सर्वांत खोल आहे त्या माणसापाशी मला थांबायचं आहे.

इग्नेशियस लोयोला हा बास्क सरदारघराण्यातला. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून असताना त्याला शौर्यकथा वाचायच्या होत्या. वाड्यात त्या सापडल्या नाहीत. मिळालं ते येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा. मग तो तासन्‌तास दिवास्वप्नं बघे. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी आपण काय काय पराक्रम गाजवू याची, कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखं आपणही करावं याची. दोन्हींत तो सारखाच रमे. फरक पडे तो नंतर. पहिली स्वप्नं ओसरली की मन कोरडं पडे, दुसरी ओसरल्यावरही प्रसन्न राही. हे त्याच्या एकदम लक्षात आलं नाही. आलं तेव्हा तो चकित झाला. विचार येतानाच्या गोडीपेक्षा तो गेल्यावर काय उरतं याकडे बघावं, ही त्याची सगळी विद्या त्या आजारपणात सुरू झाली.

पण पुढची गंमत अशी, की त्याला स्वतःला मार्गदर्शक मिळालाच नाही. १५२२ साली तो मान्रेसात आला आणि तिथे जवळपास वर्षभर राहिला. पापांच्या शंकेनं त्याला पछाडलं. एकदा सांगितलेलं पाप नीट सांगितलं गेलं नसेल म्हणून तो पुन्हा निवेदन करी, मग आणखी एकदा. अगदी स्पष्ट असेल तेवढंच मागचं सांगत जा, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं काय होणार? त्याला सगळंच स्पष्ट दिसत होतं. आठवडाभर त्यानं अन्नपाणी सोडलं. शेवटी धर्मगुरूनं हुकूम केला तेव्हा उपास मोडला. त्याच दिवसांत त्याला हवेत काहीतरी चमकताना दिसे. सापासारखं, अंगभर डोळ्यांसारखे ठिपके, अतिशय देखणं. बघून त्याला बरं वाटे. पुढे एका क्रुसापाशी प्रार्थना करताना तेच रूप पुन्हा दिसलं, पण आता त्याचा रंग उतरलेला वाटला, आणि हे देवाकडचं नव्हे अशी त्याची खात्री पटली. गोड वाटतं ते सगळं देवाचं असतंच असं नाही, हा धडा त्याला असा मिळाला. मान्रेसात आध्यात्मिक गोष्टींत खोलवर गेलेलं एकच माणूस आपल्याला भेटलं, असं त्यानं उतारवयात सांगितलं. ते माणूस म्हणजे एक म्हातारी.

या सगळ्यातून जी वही तयार झाली ती ‘आध्यात्मिक साधना’. पोप तिसरे पॉल यांनी तिला १५४८ साली मान्यता दिली. वाचायला घेतलंत तर निराशा होईल. ती वाचायची वही नाहीच. साधना देणाऱ्यानं ती हाताशी ठेवायची. तीस दिवस मौन, चार ‘आठवडे’. हे आठवडे म्हणजे टप्पे, सात दिवसांचेच असतात असं नाही. ज्याला कामधंदा सोडून महिनाभर जाता येत नाही त्यानं रोज दीडेक तास काढून घरी राहूनच हे करावं, अशीही सोय आहे. तिच्यातल्या सुरुवातीच्या सूचनांपैकी पंधरावी माझ्या दृष्टीनं सगळ्या वहीचा कणा आहे. साधना देणाऱ्यानं समोरच्याला संन्यासाकडे ढकलू नये, संसाराकडेही ढकलू नये. तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं आणि निर्मात्याला आपल्या लेकराशी थेट बोलू द्यावं. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये, जिथे चर्चच्या अधिकाऱ्यांनी खुद्द इग्नेशियसला तुरुंगात टाकलं होतं, तिथल्या माणसानं हे लिहावं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आणखी एक सूचना तर व्यवहारात रोज उपयोगी पडते: मन उदास, कोरडं, देवापासून दूर वाटत असताना आधीचा निर्णय बदलू नका. कितीतरी व्रतं, लग्नं आणि नोकऱ्या या एका वाक्यानं वाचल्या असतील.

तो स्वतः किती थांबत असे? पॅरिसमध्ये त्याचा खोलीतला सोबती पीटर फावरे हाही त्याच्यासारखाच शंकांनी पोखरलेला होता. इग्नेशियसनं त्याला साधना द्यायला चार वर्षं लावली. त्याच खोलीत तिसरा होता फ्रान्सिस झेवियर, जो १५४२ साली गोव्यात उतरला. कोकणपट्टीत ही विद्या आली ती अशी, अगदी पहिल्या पिढीच्या हातून.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना गुरू आला असणार. यावा. तुकोबांना गुरूचा अनुग्रह स्वप्नात झाला. नामदेवांना विसोबा खेचरांकडे जावं लागलं. गुरूविना कोण दाखवील वाट, हे आपल्या रक्तात आहे. पण ख्रिस्ती मार्गदर्शक अनुग्रह देत नाही, कानात मंत्र सांगत नाही, आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथही नसते. मार्गदर्शक बदलता येतो, तो बदलून जातोही. त्याच्या भूमिकेला आपल्याकडे जवळचं कोणी शोधायचं तर मला मुक्ताबाई आठवते. ताटीचे अभंग घ्या. थोरला भाऊ रुसून दार लावून बसला आहे आणि धाकटी बहीण बाहेरून त्याला त्याच्याच खऱ्या स्वरूपाची आठवण करून देते आहे. दार उघडायचं ते ज्ञानदेवांनीच.

प्रॉटेस्टंट वाचकांची हरकत वेगळी असते: देव आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, मग हा तिसरा कशाला? हरकत रास्त आहे. मार्गदर्शक मध्यस्थी करू लागला की ती लागूच पडते. पण फिन्केनवाल्डच्या धर्मविद्यालयात तरुण पाळकांना एकमेकांजवळ पाप कबूल करायला शिकवणारा डीट्रिख बॉनहोफर लुथरचाच अनुयायी होता. एकटा माणूस स्वतःला फार सफाईनं फसवतो, हे त्याला ठाऊक होतं.

फसवणूक अर्थात दुसरीकडूनही होते, आणि हे प्रस्तावनेतच सांगून टाकलेलं बरं. आविलाच्या तेरेसाला पापनिवेदन ऐकणाऱ्या अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंनी वर्षानुवर्षं घाबरवलं. तिला होणारं ख्रिस्तदर्शन सैतानी आहे असं ठरवून, ते झालं की त्याला बोटांमधून अंगठा दाखवून हिणव, असा तिला हुकूम झाला. तिनं तो पाळला, आणि पाळताना तिचा जीव कासावीस झाला. तिचा सहकारी योहान (संत जॉन ऑफ द क्रॉस) याचा संताप तर त्याच्या एका काव्याच्या भाष्यात मध्येच उसळतो. आत्म्याला आडवाटेला नेणाऱ्या तीन आंधळ्यांत त्यानं मार्गदर्शकाला पहिलं स्थान दिलं आहे, सैतानाचा नंबर त्याच्यानंतर. ज्याला फक्त घण घालता येतो त्या लोहारासारखे हे लोक, असं तो म्हणतो. देव जिथे नाजूक रंगकाम करतो आहे तिथेही हे ठोकत बसतात.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नये. मतिमंद प्रौढांसोबत राहणाऱ्या ‘लार्श’ या संस्थेचे संस्थापक ज्याँ व्हानिये यांना जग जिवंतपणीच संत मानत होतं. ते २०१९ साली वारले. पुढच्याच वर्षी संस्थेनं स्वतः करवून घेतलेल्या चौकशीतून बाहेर आलं, की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी निदान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. दाराला काच का, याचं उत्तर इथे आहे. मार्गदर्शकालाही मार्गदर्शक असावा लागतो, त्यानं आपल्या कामाची चर्चा नावं न सांगता एखाद्या अनुभवी माणसाबरोबर नियमित करावी लागते. ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असं मार्गदर्शक म्हणाला तर उठावं आणि निघावं. गुप्तता पाळण्याचं बंधन त्याच्यावर आहे. आलेल्या माणसावर नाही.

चांगल्या मार्गदर्शनाचा एक नमुना मला फार आवडतो. इव्हलिन अंडरहिल यांचा ‘मिस्टिसिझम’ हा जाडजूड ग्रंथ १९११ साली आला आणि गूढानुभवावर अधिकारवाणीनं बोलणाऱ्या म्हणून त्यांचं नाव झालं. दहा वर्षांनी त्या कॅथलिक विचारवंत बॅरन फॉन ह्यूगेल यांच्याकडे मार्गदर्शनासाठी गेल्या. या विदुषीला त्यांनी काय सांगावं? ध्यानाचे तास वाढवायला नाही. आठवड्यातून दोन दुपारी लंडनमधल्या गरीब वस्तीत जा आणि तिथल्या कुटुंबांना भेटत राहा. बाईंचा देव डोक्यात चढून बसला होता. त्याला खाली आणण्याची ही सोय. अंडरहिलबाई स्वतःही इतरांना साधनाशिबिरं देऊ लागल्या. ह्यूगेल १९२५ साली वारले.

आपल्याकडे या परंपरेचं नाव घेतलं की टोनी डिमेलो यांचं नाव निघतंच. जन्म मुंबईचा, १९३१ चा, येशूसंघाचे धर्मगुरू, पुण्यात सुरू होऊन पुढे लोणावळ्याला गेलेल्या ‘साधना’ संस्थेचे संस्थापक. श्वासाकडे, शरीराच्या जाणिवांकडे, बाहेरच्या आवाजांकडे लक्ष देत प्रार्थनेत शिरायची त्यांची रीत विपश्यनेच्या जवळची होती. १९७८ मध्ये आलेलं त्यांचं ‘साधना’ जगभर वाचलं गेलं. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ साली, व्हॅटिकननं त्यांच्या लेखनातल्या काही भूमिकांबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. त्या वादात मी इथे शिरत नाही. माझं गाऱ्हाणं निराळंच आहे: डिमेलोंच्या छोट्या गोष्टी हातोहात फिरतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज सकाळी येतात, पण महिन्यातून एकदा कोणासमोर तरी बसून आपली प्रार्थना उलगडण्याची सवय मात्र मठांच्या आणि सेमिनरीच्या भिंतींबाहेर फारशी आलेली नाही. वसईतल्या किंवा अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरकडच्या) ख्रिस्ती घरात आजारपणात फादर येतात, भांडणात पाळक येतात. प्रार्थना आटली म्हणून कोणी कोणाकडे जात नाही. ती तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे हेच ठाऊक नसतं.

म्हणून पुस्तकाची मांडणी इतिहासक्रमानं केलेली नाही. पहिली प्रकरणं ऐकण्याविषयी आहेत, मधली मनाच्या चढउतारांविषयी, आणि इग्नेशियसचे नियम त्या ओघात येतात. मार्गदर्शक निवडताना काय विचारावं याचं एक प्रकरण आहे. त्यात मानधन घ्यावं की नाही यावरही लिहिलं आहे, कारण तो प्रश्न सगळ्यांना पडतो आणि विचारायला सगळे लाजतात. ज्यांच्या आसपास कोणीच मिळणार नाही त्यांनी शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. रात्री झोपण्यापूर्वी पाव तास बसून सरलेला दिवस देवासमोर पुन्हा डोळ्यांखालून घालण्याची इग्नेशियसची रीत त्यात दिली आहे. आधी आभार, मग दिवस कुठे उजळला आणि कुठे विझला ते पाहणं, मग चुकलं त्याची क्षमा, मग उद्याचं मागणं. वही लागत नाही. ठेवलीच तर तीन-चार ओळींपेक्षा जास्त लिहू नये, आणि महिन्याकाठी कोणाला भेटायला जायचं असेल तर निघण्यापूर्वी ती एकदा आपली आपण चाळावी.